तिथे तुमचं कोण असतं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सात दिवस अंदमानला, पोर्ट ब्लेअरला जाऊन आले. एकटी. परत आल्यापासून एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हटलं. शाळेत सहकाऱ्यांनी विचारलं, किराणा दुकानात विचारलं, हिंगोलीच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तिथे तुमचं कोण असतं?" सासूबाईंनी तर मी बॅग भरत असतानाच विचारलं होतं, "वाँ कोन है गे अपना? कायकू जारी तू?"

तिथे माझं कोणी नव्हतं. लग्न नव्हतं, मय्यत नव्हती, कुणाचं ऑपरेशन नव्हतं. मला ते गाव बघायचं होतं म्हणून मी गेले. हे उत्तर दिलं की समोरचा माणूस जरा वेळ गप्प बसतो. मग विचारतो, "आणि मिस्टर?" मिस्टर दुकानावर होते. दिवाळीच्या हंगामात दुकान बंद ठेवून समुद्र बघायला जाणारा दुकानदार आमच्या गोरेगावात अजून जन्माला यायचाय.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वय शेहेचाळीस. बीएडला होते तेव्हा औरंगाबाद सोडून कुठे फार गेले नव्हते, आणि नंतरच्या वीस वर्षांतही माझा सगळा प्रवास चार प्रकारांतच मोडला: लग्न, मय्यत, दवाखाना आणि दर्गा. आमच्याकडच्या बहुतेक बायकांचा हाच हिशेब निघेल. मुस्लिम बायकांचाच कशाला, आमच्या शाळेशेजारच्या देशमुख काकूंचाही हाच आहे, फक्त दर्ग्याच्या जागी औंढा नागनाथ लिहायचं. सुट्टी म्हणजे गोधड्या धुणं, डबे घासणं, माहेरी चार दिवस, आणि माहेरीही स्वयंपाकघरच.

काही वाचक महरमचा मुद्दा काढतील. काढावा. मी फिक्ह शिकलेली नाही आणि या विषयावर उलेमांमध्ये एकच मत नाही, एवढं मला माहीत आहे. भारतातून हजला जाताना ४५ वर्षांवरच्या बायकांना, चौघी जणी मिळून, महरमशिवाय जायची मुभा २०१८ पासून मिळाली, हेही आपण सगळ्यांनी पाहिलं. पण माझा प्रश्न त्याहून साधा आहे. गेल्या निवडणुकीत मला ड्युटी लागली. अनोळखी गाव, अनोळखी माणसं, शाळेच्या वर्गात रात्रभर मतदानयंत्राशेजारी मुक्काम. तेव्हा घरातून किंवा मोहल्ल्यातून एकानेही महरमचं नाव काढलं नाही. जनगणना असो, ट्रेनिंग असो, पेपर तपासणी असो, मी एकटी जाते आणि सगळ्यांना ते चालतं. म्हणजे अडचण एकटं जाण्याची नाही. अडचण आहे ती स्वतःच्या आनंदासाठी जाण्याची. कामाला गेलेली बाई बिचारी असते, फिरायला गेलेली बाई मोकाट असते. या मोजमापाला धर्माचं नाव देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. जमिनीवर फिरा आणि बघा, हा हुकूम कुरआनात एकापेक्षा जास्त ठिकाणी आलाय, आणि तो फक्त पुरुषांना आहे असं तिथे म्हटलेलं नाही.

आणि ही काही आजची टूम नाही. आपल्याच कोकणातल्या जंजिऱ्याच्या नाझली रफिया बेगम १९०८ साली युरोप फिरल्या आणि त्यावर त्यांनी उर्दूत 'सैर-ए-युरोप' लिहिलं. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधी, १९०६ मध्ये, शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली होती. तिची रोजनिशीही उर्दूतच आहे. त्या नवाबाच्या घरच्या होत्या, हे मान्य. माझ्याकडे नवाबी नव्हती, भिशी होती. दोन वर्षं भिशी भरली, माझा नंबर लागला, आणि त्या पैशांचं या वेळी मिक्सर, कपाट, अंगठी काहीच झालं नाही.

हिंगोलीहून हैदराबाद, हैदराबादहून चेन्नई, आणि चेन्नईहून दोन तासांचं विमान. जेवढा वेळ मला गोरेगावहून नांदेडला पोचायला लागतो, त्याहून कमी वेळात विमान बंगालचा उपसागर ओलांडतं. उतरल्यावर पहिला धक्का घड्याळाने दिला. नोव्हेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास मगरिब होते. तिथे पाच वाजायच्या आत सूर्य बुडाला. देशाचं घड्याळ एक आहे, ते ८२.५ रेखांशावरचं. हिंगोली ७७ च्या आसपास, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. दर अंशाला चार मिनिटं धरली तर तासाभराचा फरक. भूगोलाचे सर हे फळ्यावर किती वर्षं शिकवतायत. मला ते वजू करताना कळलं.

राहायला जागा मिळवताना एका लॉजवाल्याने "सिंगल लेडीजला देत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने दिली. पहिल्या रात्री मी दाराला आतून खुर्ची लावून झोपले. दुसऱ्या रात्री ती खुर्ची गॅलरीत नेली आणि तिच्यावर बसले.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. अंदमानला आपल्याकडून पुष्कळ लोक जातात. पाच रात्री, सहा दिवस, तीन बेटं, जेवणासकट. माझ्या लॉजमध्ये अशीच एक तुकडी उतरली होती, पश्चिम महाराष्ट्रातली, माणसं अगदी प्रेमळ. त्यांनी मला शंकरपाळे दिले. पण त्यांच्या वाट्याला सेल्युलर जेल आलं ते दुपारचं जेवण आणि संध्याकाळची बस यांच्यामध्ये. मी सातही दिवस एकाच गावात राहिले. पहिले दोन दिवस तर काहीच बघितलं नाही. अबर्डीन बाजारात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी चहा प्यायले, भाजीवालीशी बोलले, सिटी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत आले. नारळपाणी प्यायले. दुपारी भात-मासळी खाल्ली आणि झोपले. भर दुपारी झोपणं! लग्नानंतर ही चैन मी आजारपणातच केली होती. या दोन दिवसांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर सांगते: तिसऱ्या दिवशी जेलमध्ये गेले तेव्हा मला घाई नव्हती.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं गेलं. मधल्या मनोऱ्यापासून सात लांबलचक इमारती, सायकलच्या आऱ्यांसारख्या. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस दिसायलाच नको. एका माणसाला एक कोठडी, साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, खिडकी माणसाच्या डोक्याच्या वर. आज सातांपैकी तीनच इमारती उरल्यात. पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी दवाखाना आहे. एका कोठडीत मी उभी राहिले आणि हात पसरून बघितले. माझ्या स्वयंपाकघराएवढी ती जागा. फरक एवढाच, की माझं दार आतून उघडतं.

मराठी माणूस तिथे जातो तो 'माझी जन्मठेप' डोक्यात घेऊन. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. मी ते पुस्तक वाचलेलं आहे, मराठीच्या शिक्षिकेने ते न वाचणं बरोबर नाही. पण मुसलमान वाचकाला ते वाचताना अडखळायला होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पठाण वॉर्डरांबद्दल, आणि त्यांच्या आडून एकूण आमच्याबद्दल, त्यात जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक दोनदा मिटलं होतं. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाशी माझं जमत नाही, जमणार नाही. तरी कोलू तिथे आहे. माणसाला बैलासारखं जुंपून तेल काढायचा तो घाणा बघितल्यावर त्या छळाबद्दल शंका घ्यायची माझी हिंमत नाही. वॉर्डर मारत होते, हेही खरं असणार. पण त्या कैद्यांवर कुणाला नेमायचं, हिंदू राजबंद्यावर मुसलमान वॉर्डर ठेवायचा, हे जेलर बॅरीच्या हातात होतं, आणि बॅरी इंग्रजांचा पगार खात होता. मारणारा आणि मार खाणारा दोघेही त्याच भिंतींच्या आतले कैदी होते. ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलांना आणि शंकरपाळे देणाऱ्या त्या मंडळींना, दोघांनाही सांगायची राहून जाते.

आणि दुसरी राहून जाणारी गोष्ट ही, की काळं पाणी जेलपासून सुरू होत नाही. ते जेलच्या अट्ठेचाळीस वर्षं आधी सुरू होतं. मार्च १८५८ मध्ये, सत्तावनच्या उठावानंतर, दोनशे कैद्यांचं पहिलं जहाज इथे लागलं. तेव्हा भिंती नव्हत्या. जंगल होतं, ताप होता आणि चारी बाजूंनी पाणी होतं. त्या काळात इथे आले गालिबचे स्नेही, फजल-ए-हक खैराबादी. मोठे आलिम. दोन वर्षांच्या आत, १८६१ मध्ये, इथेच वारले. त्यांची मजार पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. १८६६ मध्ये आले मौलाना जाफर थानेसरी. त्यांना आधी फाशी झाली होती, ती बदलून जन्मठेप झाली. सतरा-अठरा वर्षं ते इथे मुन्शी म्हणून राहिले, इंग्रजी शिकले, इंग्रज साहेबांना आपली भाषा शिकवली, इथेच संसार केला, १८८३ मध्ये सुटले आणि परत जाऊन उर्दूत 'तवारीख-ए-अजीब' लिहिलं. लोक त्या पुस्तकाला 'काला पानी' या नावाने ओळखतात.

म्हणजे माझ्या एका तासाच्या भाषेत या गावाचं एक पुस्तक आहे, आणि दुसऱ्या तासाच्या भाषेत दुसरं. वर्षानुवर्षं मी दोन्ही भाषा शिकवतेय. मराठीच्या तासाला मुलांना वाटतं, अंदमान म्हणजे त्यांचं. उर्दूचं पुस्तक वाचणाऱ्याला वाटतं, काला पानी म्हणजे आपलं. बेट एकच आहे आणि त्याच्यावर पाऊसही एकच पडतो. पण दोन्ही पुस्तकं वाचलेला माणूस शोधायला गेलं तर किती सापडतील? मी स्वतः थानेसरी जाण्याच्या आधी महिनाभर वाचले, तेही प्रवासाच्या निमित्ताने. शिक्षिका असून. ही माझी चूक आहे आणि मी ती मान्य करते.

चौथ्या दिवशी होडीने समोरच्या बेटावर गेले. जुनं नाव रॉस, २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इथे इंग्रजांची राजधानी होती. बंगले, चर्च, बेकरी. आता भिंतींवर झाडांची मुळं चढलीत आणि हरणं फिरतात. साहेब या बेटावर राहायचे, कैदी समोरच्या. मध्ये पाणी. गावाचंही नाव २०२४ मध्ये बदललं, श्री विजयपुरम झालं. पण रिक्षावाला अजून ब्लेअरच म्हणतो. नावांवरून भांडायला मला वेळ नाही. नाव कुठलंही ठेवा, तिथे कोण गाडलं गेलं ते सांगत राहा.

पाचव्या दिवशी चॅथमच्या धक्क्यावरून फेरी बोटीने बांबूफ्लॅटला गेले. बोटीत माणसं, स्कूटर, कोंबड्या, शाळेची मुलं सगळं एकत्र. बेटावरच्या बसच्या पाट्या वाचून मी चक्रावले. मन्नारघाट, मंजेरी, कालिकत. ही तर केरळातली नावं! १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर माप्पिला मुसलमानांना इथे आणून टाकलं, मग त्यांच्या बायकामुलांनाही आणलं, आणि त्यांनी नव्या जमिनीला आपल्या गावांची नावं दिली. बोटीत एक म्हातारी बाई शेजारी बसली होती, डोक्यावर पांढरी ओढणी. तिने मला विचारलं, "यहाँ आपका कौन रहता है?" मी हसायलाच लागले. म्हटलं, कोणी नाही, बघायला आलेय. ती म्हणाली, "अच्छा किया. हमारे दादा को तो पूछा भी नहीं था."

तिचं घर मल्याळी, नवरा बंगाली मुलखातल्या घराण्यातला, आणि बोलणं हिंदुस्तानीत. सगळं बेट असंच बोलतं. देशभरातून हातकड्या घालून आणलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायला काहीतरी हवं होतं, त्यातून ही भाषा रुजली. कुणी अनुदान दिलं नाही, कुणी सक्ती केली नाही. भाषेवरून रोज वाद वाचणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटलं.

तिनेच मला शादीपूरबद्दल सांगितलं. पोर्ट ब्लेअरमधला एक मोहल्ला. बायका कैदी म्हणूनही इथे आणल्या जायच्या. चांगली वागणूक ठेवलेल्या पुरुष कैद्याला त्यांच्यातली एक निवडून लग्न करता यायचं, आणि अशी लग्नं लागली म्हणून ते शादीपूर, असं सांगतात. जात, धर्म, प्रांत कुणी फार बघितलं नाही. थानेसरींनी केलेली लग्नंही कैदी स्त्रियांशीच. एक काश्मिरी होती, दुसरी अल्मोड्याकडची. मौलानांनी पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी लिहिलं नाही. या बेटावर एकटीने येणारी मी पहिली नाही, हे मला त्या बोटीत कळलं. माझ्याआधी शेकडो जणी एकट्या आल्या होत्या. त्यांना तिकीट सरकारने काढून दिलं होतं आणि परतीचं नव्हतं.

एका ठिकाणी मी गेले नाही. उत्तरेकडच्या बाराटांगला नेणाऱ्या गाड्या जारवा लोकांच्या जंगलातून जातात. फोटो काढायला कायद्याने बंदी आहे, तरी एजंट हळूच सांगतो, "नसीब में हुआ तो दिखेंगे." माणसं नशिबात असली तर दिसायला वाघ नाहीत. बुरखा घालून मॉलमध्ये शिरल्यावर लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. त्या बघणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

सगळ्यांना असं जाता येईल, असं मी म्हणत नाही. मला पगार आहे, मुलगी मोठी आहे, नवऱ्याने आठवडाभर स्वतः चहा करून घेतला. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांना मी सल्ला देणार नाही. पण ज्यांच्याकडे आहे, त्या माझ्यासारख्या नोकरदार बायका ते वापरत नाहीत. अंदमानच कशाला? मुरूडला जा, जंजिरा बघा. दौलताबादला जा आणि तिथेच दोन दिवस राहा. दहा ठिकाणं करू नका, एक करा. जायच्या आधी त्या गावाबद्दल आपल्या भाषेतलं एक पुस्तक वाचा आणि शेजाऱ्याच्या भाषेतलं एक. शिक्षकांनी तर हे करावंच. न पाहिलेलं गाव आपण मुलांना आयुष्यभर शिकवतो, आणि मग म्हणतो मुलांना इतिहासात रस नाही. सुट्टीनंतर मी वर्गात काळ्या पाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा तास संपल्याची घंटा झाली तरी एक मुलगी उठली नाही. तिने विचारलं, "आपा, अकेले डर नहीं लगा?" मी तिला खुर्चीची गोष्ट सांगितली. दोन्ही रात्रींची.

घरी आले त्या रात्री सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "तो कोन था वाँ अपना?" मी त्यांच्या पलंगावर बसले आणि मौलवी अलाउद्दीन यांच्याबद्दल सांगितलं. १७ जुलै १८५७ ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर तुर्रेबाज खानासोबत चाल करून गेलेले. आपलं हिंगोली तेव्हा निजामाच्याच मुलुखात होतं, म्हणजे ते आपल्याच राज्यातले. त्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं आणि ते तिथेच वारले. मग बोटीतल्या बाईच्या आजोबांचं सांगितलं, शादीपूरच्या बायकांचं सांगितलं, कोलूचं सांगितलं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "उन औरतां की कबरां हैं क्या वाँ?" मी म्हटलं, माहीत नाही अम्मी, मला दिसली नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. जुमेरातीला फातेहा देताना त्या नेहमी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात, सासऱ्यांपासून सुरू करून. त्या जुमेरातीला यादी संपल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "और वो काले पानी वालियां."